शांतप्पांच्या आवाजाला जागा

काम फार चांगलं झालं म्हणून तक्रार यावी, असं माझ्या धंद्यात एकदाच घडलं. श्रीपूरकडे एका ऊस वाहतूकदाराचं ऑफिस आहे. कुठला ट्रॅक्टर कुठल्या फडावर कधी पाठवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम मी त्यांना लिहून दिला होता. दर हंगामात त्यात चार बदल व्हायचे आणि नवी फाईल पाठवावी लागायची. तिकडचं इंटरनेट असून नसून सारखंच. फाईल उतरायला लावून तिथले कारकून देशमाने चहा पिऊन यायचे, दाढी करून यायचे, तरी ती उतरतच असायची. मला दया आली. आठवडाभर खपून मी ती साठ एमबीची फाईल बारावर आणली आणि पाठवून दिली. पाच मिनिटांत देशमान्यांचा फोन.

"मॅडम, अर्धीच आलीय."

"पूर्ण आलीय, देशमाने."

"न्हाय हो. आत्ता कुटं खुर्चीवर टेकलोय. कायतरी तुमच्याकडंच ऱ्हायलंय बगा."

पुढं तो अख्खा हंगाम कुठं काही बिनसलं की देशमाने त्या राहिलेल्या भागाचं नाव घ्यायचे. ट्रॅक्टर चिखलात रुतला तरी म्हणाले, "चिखलाचं त्यातच असणार." मी हात टेकले.

तर हे माझं काम. लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहायचे आणि मग त्यांचा आकार कमी करायचा. सोलापुरात नवी पेठेत कापडाच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली दुकानदाराचं "या ताई, बघून तरी जावा" चालू असतं आणि वर माझं. पूर्वी पुण्यात नोकरी केली, तिथं ही भाषा शिकले. तिथल्या लोकांनी ती कधीच सोडली, मी सोडली नाही. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे.

या भाषेची एक खोड आहे. दुसऱ्या भाषांत कसं, शिंप्याकडून सदरा शिवून घेतला, पिशवीत टाकला, घरी आलो. लिस्पमध्ये सदऱ्याबरोबर शिंपीही घरी येतो. त्याचं मशीन, कात्री, टेप, चिंध्यांचं गाठोडं, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं येतं. नुसतं 'नमस्कार' म्हणणारा प्रोग्राम केला तरी फाईल चाळीस एमबीची होते. लोक हसतात. हसू देत. सदरा अंगात असताना काखेत घट्ट वाटला तर हा शिंपी तिथल्या तिथं उसवून सैल करून देतो, सदरा उतरवावासुद्धा लागत नाही. चालू प्रोग्राम न थांबवता दुरुस्त करायचं हे सुख एकदा चाखलं की माणूस दुसरीकडं रमत नाही. पण गिऱ्हाइकाला नुसता सदरा हवा असतो. मग त्या शिंप्याला गोड बोलून घराबाहेर काढायचं, यातच माझी पंचवीस वर्षं गेली.

मजेत गेली. पण खरं काम एकदाच केलं असं वाटतं, ते शांतप्पांचं.

आमच्या मागच्या बोळात महानंदा राहते. शाळेत शिकवते, मला मावशी म्हणते. शांतप्पा तिचे वडील, मैंदर्गीचे. जन्मभर लाल गाडीवर कंडक्टर होते आणि आता निवृत्त होऊन गावी राहत होते. त्यांचं नाव शांतप्पा ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला होता. ते स्टँडच्या एका टोकाला "अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीऽऽ" म्हणाले की दुसऱ्या टोकाला झोपलेला माणूस पिशवी उचलून उठायचा. त्यांची गाडी रोज त्यांच्याच घरावरून जायची. घर यायच्या आधीच दारात लोंबकळत ते ओरडायचे, "नीला, डब्बी ता!" घरची भाषा कानडी. नीला, डबा आण, एवढाच अर्थ. नीलव्वा, म्हणजे त्यांच्या मंडळी, डबा घेऊन रस्त्याकडेला उभ्याच असायच्या, तरी ते ओरडायचे.

एका दुपारी महानंदा आली आणि बसली. मग म्हणाली, "मावशी, अप्पांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पंधरा दिवसांनी ऑपरेशन आहे." आणि डोळे पुसून विचारलं, "तुम्ही ते बोलणारं मशीन केलं होतंत ना?"

केलं होतं, पण कशासाठी! एका मंगल कार्यालयात 'पांढऱ्या गाडीच्या मालकांनी कृपया गाडी काढावी' अशा सूचना सारख्या द्याव्या लागतात. त्यासाठी रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे जोडून वाक्य बोलणारा प्रोग्राम मी लिस्पमध्ये लिहिला होता. तोच शांतप्पांना वापरता येईल असं तिच्या डोक्यात होतं. म्हणजे आवाज जायच्या आत तो भरून ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर झाली. आवाज बसला होता तरी खालच्या दुकानदारानं वर डोकावून पाहिलं. मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी तो दोनदा उलटापालटा करून परत केला.

"ह्या काचंवर बोट कुटं पडलंय ते कळत न्हाय, बाई. बटणं पायजेत." आणि त्यांचा अंगठा हवेतच टकटक करायला लागला. शेवटची कितीतरी वर्षं हाताला तिकिटाचं मशीन होतं. धावत्या गाडीत, गर्दीत, न बघता बटणं दाबायची सवय. मी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून भंगारातलं तसलंच मशीन मिळवलं, घासूनपुसून, स्पीकर जोडून चालू केलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. चेहरा असा फुलला की विचारू नका. उगाच महानंदाला एक तिकीट फाडून दिलं.

आता अडचण. त्या मशीनमध्ये एकूण जागा चौसष्ट एमबी, वाढवायची सोय नाही. त्यातले चौदा मशीनला स्वतःलाच लागायचे. उरले पन्नास. माझा प्रोग्राम सेहेचाळीसचा! शांतप्पांच्या आवाजाला राहिले चार. त्यात स्टँडवरच्या आरोळ्याही मावल्या नसत्या. पुण्याचा एक जुना सहकारी फोनवर म्हणाला, "दुसऱ्या भाषेत लिहून काढ की, दोन एमबीत होईल." मी त्याला म्हटलं, वर्षभर वेळ देतोस का?

पण आधी आवाज घ्यायचा होता, तो थांबणार नव्हता. कपाटातल्या सगळ्या गोधड्या खोलीच्या भिंतींना लावून आम्ही बसलो. महानंदानं शहाण्या मुलीसारखी यादी करून आणली होती. पाणी पाहिजे. दुखतंय. थंडी वाजते. डॉक्टरांना बोलवा. शांतप्पांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"ही आजाऱ्याची यादी हाय. मी काय आजारी ऱ्हाणार न्हाय, मुका ऱ्हाणार हाय. पाणी पायजे तर बोट दाखवीन की. मला भांडाय शब्द पायजेत."

आणि मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली! "पुढं सरका, आत लई जागा हाय." "सुट्टे द्या." "हे पोरगं पाच वर्साचं? मिशा फुटल्यात की त्याला!" राजकारण्यांना घालायच्या शिव्या वेगळ्या, जावयाशी बोलायचं वेगळं, भाजीवाल्याशी घासाघीस करायचं वेगळं. खोकला आला की थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, पुन्हा सुरू. मी हसून हसून रेकॉर्डिंग बिघडवायची, मग तेच वाक्य पुन्हा. कुठल्या वाक्याला कुठली बटणं, हेही ते थांब्यांच्या आकड्यांसारखं पाठ करत होते. घसा दुखत असणार, पण एकदाही बोलून दाखवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी महानंदाला भजी आणायला पिटाळलं आणि मला म्हणाले, "आता कानडी. नीलासाठी." मला कानडीतलं 'गोत्तिल्ला' म्हणजे 'माहीत नाही' तेवढं येतं. तेच मी सांगितलं. "म्हणून तर तुमच्याम्होरं बोलतो," म्हणाले. दहा मिनिटं बोलले. मधेच एकदा मोठ्यानं हसले, एकदा डोळे पुसले. मला कळलं काहीच नाही, पण माझेही पाणावले. कळ दाबून मी ते तुकडे निमूटपणे जपून ठेवले.

ऑपरेशन नीट झालं. ते महिनाभर दवाखान्यात आणि मी माझ्या खोलीत. सगळे आवाज मिळून अडतीस एमबी भरले. आणखी दाबले असते तर माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटलं असतं. ते मला करायचं नव्हतं. म्हणजे प्रोग्रामनंच बारात बसायचं, आणि प्रत्येक एमबीमागं शांतप्पांची दहा-पंधरा वाक्यं. असं वजन मी आयुष्यात कधी कमी केलं नव्हतं.

आधी सोपं सोपं काढलं. प्रोग्रामच्या पोटात ठिकठिकाणी मी स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या, 'इथं हात लावू नकोस, मागच्या वेळी रडली होतीस' अशा. गेल्या. चूक झाली तर सविस्तर कारण सांगायची व्यवस्था, गेली. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची नावं होती, मैंदर्गीत त्यांची कोण चौकशी करणार? गेली. कधीतरी वेळ सांगण्यासाठी एक ओळ लिहिली होती, तिच्यामागून जगभरच्या देशांची घड्याळं आली होती. हाकलली. आवाज लहानमोठा करायची सोय होती. शांतप्पांना दवाखान्यात विचारलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "मला कवा लागलंय ते?" काढली. खूप जड मनानं शिंप्यालाही काढलं, म्हणजे प्रोग्राम चालू असताना दुरुस्त करायची सोय. तरी एकोणीस राहिले.

मग शेवटचा उपाय, ज्याला आम्ही झाड हलवणं म्हणतो. प्रोग्राम म्हणजे हजारो छोटी कामं, प्रत्येकाला एक नाव. पहिल्या कामापासून निघायचं आणि ते कुणाकुणाला नावानं हाक मारतं ते बघायचं, मग ती कुणाला मारतात ते. ज्यांना हाक गेली ती राहिली, ज्यांना कुणीच हाक मारली नाही ती गळून पडली. मी झाड हलवलं. साडेअकरा! खोलीत एकटी नाचले. खालून दुकानदारानं विचारलं, "ताई, काय पडलं का?" मराठीतली सगळी वाक्यं एकेक करून ऐकली, खणखणीत होती. कानडी ऐकली नाहीत. ऐकून मला काय कळणार होतं? सगळं आहे ना, मग झालं. आणि त्यांचं खासगी आपण कशाला ऐकायचं, अशी मनाची समजूतही घातली.

शांतप्पा घरी आले त्या सकाळी मी महानंदाबरोबर मैंदर्गीला गेले. गळ्याला उपरणं, हातात लहान मुलाची पाटी, वजन निम्मं. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले, सगळे दबक्या आवाजात बोलत होते. नीलव्वा उंबऱ्यात बसल्या होत्या. महिनाभर त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, असं महानंदा म्हणाली.

मी मशीन त्यांच्या हातात दिलं. अंगठा फिरला.

"पुढं सरका, आत लई जागा हाय!"

तोच आवाज! तसाच्या तसा! ओट्यावरची माणसं खरंच दोन पावलं पुढं सरकली आणि मग असा हशा उसळला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. शेजारच्या पोरीला त्यांनी मिशांचं वाक्य ऐकवलं. सरपंचांना एक शिवी ऐकवली, ते तिथंच उभे होते. मी अशी ऐटीत उभी, जसं काही सगळं मीच बोलतेय.

मग ते नीलव्वांकडं वळले. त्यांनी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मशीन मेल्यासारखं गप्प. काय चुकलं ते सांगायची सोय तर मीच काढून टाकली होती. नीलव्वा हळूच कानडीत काहीतरी म्हणाल्या. महानंदानं मान खाली घातली. मी विचारलं, तशी म्हणाली, "अव्वा म्हणतीय, माझ्यासाठी काही ठेवलं नाही का?"

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण मला त्याच क्षणी कळलं होतं मी काय करून बसले ते. मराठी तुकडे जोडायचे नियम वेगळे, कानडी जोडायचे वेगळे. कानडी जोडणाऱ्या कामाला प्रोग्राममध्ये कुठंही थेट नावानं हाक मारलेली नव्हती. आवाजाच्या तुकड्यावर 'कानडी' अशी चिठ्ठी दिसली, की प्रोग्राम आयत्या वेळी ते नाव तयार करून हाक मारायचा. लिस्पमध्ये हे सर्रास चालतं, मीच शंभरदा केलंय. झाड हलवणाऱ्याला आयत्या वेळची हाक कशी ऐकू येणार? त्याला वाटलं, हिला कुणी विचारत नाही. पडली कानडी. आणि मी, पंचवीस वर्षांची अनुभवी, मला येत नाही ती भाषा ऐकूनसुद्धा बघितली नव्हती. सोलापुरात वाढले, चहूकडं कानडी बोलतात, मला गोत्तिल्ला. याची लाज मला अजून आहे.

"काका, माझं चुकलं," मी म्हणाले. "तुमचं बोलणं जिथल्या तिथं आहे. त्याला वाट देणारं मी फेकून दिलं. लॅपटॉप आणलाय. मला जरा वेळ द्या."

शिंप्याला बाहेर काढलं नसतं तर तिथल्या तिथं टाका घातला असता. आता अख्खा सदरा नव्याने शिवायचा. मी ओट्यावर मांडी घालून बसले. पंधरावीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. शांतप्पांनी मला काय झालं ते खुणेनं विचारलं. मी सांगितलं, की यादीत नाव असलेले थांबे घेतले, आणि रस्त्यात हात दाखवला की गाडी थांबते तो थांबा विसरले. त्यांनी समजल्यासारखी मान डोलवली, पाटी पुसली आणि लोकांसमोर धरली. 'गाडी पंक्चर हाय. कुणी उतरू नका.'

कुणीही उतरलं नाही. नीलव्वा उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. कानडीचं नाव मी 'हे राहू दे' अशा यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं आणि झाड पुन्हा हलवलं. जे काम फेकलं होतं ते किती मोठं होतं म्हणता? एका एमबीचा पन्नासावा भाग! चहा येईस्तोवर मशीन तयार झालं. या वेळी मी ऐट केली नाही, नुसतं त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला झाले.

नीलव्वा कपांचं ताट घेऊन दारात आल्या होत्या. शांतप्पांनी बटण दाबलं.

"नीला, डब्बी ता!"

"बंदेऽ!" आले आले, असं म्हणत त्या ताटासकट रस्त्याच्या दिशेनं दोन पावलं चालल्यासुद्धा. मग थांबल्या. ताट तसंच हातात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. महानंदानं पटकन ताट घेतलं. शांतप्पांनी एक कप उचलला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरं बटण दाबलं.

"चादाग सक्री कम्मी आग्यद."

म्हणजे चहात साखर कमी आहे! दहा मिनिटं डोळे पुसत, हसत हा माणूस माझ्यासमोर हे बोलत होता! नीलव्वांनी पदरानं डोळे कोरडे केले आणि कमरेवर हात ठेवून जी कानडीत सुरुवात केली, त्या थांबेचनात. शांतप्पांचा अंगठा मशीनवर नुसता नाचत होता. त्यांचं प्रत्येक उत्तर तयार! त्या काय म्हणणार आणि आपण काय म्हणायचं, हे त्यांनी आधीच ओळखून भरून ठेवलं होतं. शेजारी एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. मी महानंदाला सारखी विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाले, पण तिला हसण्यातून सांगता येईना.

बऱ्याच वेळानं नीलव्वा दमल्या. माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "बाई, लई उपकार झाला. पण आवाज लई मोटा हाय ह्याचा. बारीक करता येतो का?"

"नाही हो, काकू," मी म्हणाले. "ती सोय मी काढून टाकली. जागा नव्हती."

नीलव्वांनी नवऱ्याकडं पाहिलं. ते अंगठा तयार ठेवूनच बसले होते.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.